नायर रुग्णालयाची साथीतली दीड वर्षे: आभार मानायचे कोणाचे आणि कसे?

भायखळाकर | ४ सप्टेंबर २०२१

मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाचा आज शताब्दी सोहळा झाला आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी संस्थेसाठी शंभर कोटी रुपयांची मदत जाहीर केली. ही बातमी मी दूरदर्शनवर पाहत होतो तेव्हा माझी सव्वा वर्षाची मुलगी माझ्या चष्म्याची काडी चावत मांडीवर बसली होती. तिचा जन्म जून २०२० मध्ये त्याच रुग्णालयात झाला, त्यामुळे ही बातमी आमच्या घरापुरती निराळी ठरली. हा धागा काढण्याचे कारण तेच आहे.

थोडक्यात हकीकत सांगतो. पत्नीचे नाव आम्ही घराजवळच्या एका खासगी प्रसूतिगृहात नोंदवले होते आणि नऊ महिने सगळे सुरळीत चालले होते. दाखल होण्यापूर्वी घशातील स्रावाची चाचणी सक्तीची होती. तिचा अहवाल बाधित असा आला आणि त्या संध्याकाळी प्रसूतिगृहातून आलेला फोन दीड मिनिटांचाही नव्हता. "तुम्ही आता दुसरीकडे सोय बघा," एवढेच सांगण्यात आले. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हाला ते विचारायचेही सुचले नाही. अखेर पालिकेच्या वॉर्डमधील वॉर रूमला फोन लागला, रात्री अकराच्या सुमारास रुग्णवाहिका आली आणि पत्नी एकटीच नायरला गेली. निकटच्या संपर्कातला म्हणून मला घराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्यामुळे तिची पिशवी मी जिन्यात ठेवली आणि ती तिने स्वतः उचलली.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तिच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. फोन धरणारी व्यक्ती नखशिखान्त पांढऱ्या पोशाखात होती, गॉगल आतून वाफेने भरला होता आणि छातीवर निळ्या स्केचपेनने काहीतरी लिहिलेले होते. त्यातले "सिस्टर" एवढे वाचता आले. पुढचे नाव बहुधा सॅनिटायझरने पुसट होऊन पसरले होते. तिने आधी बाळ दाखवले, मग पत्नीचा चेहरा दाखवला आणि म्हणाली, "दोघी छान आहेत, आता तुम्ही चहा घ्या." मी रात्रभर जागा आहे हे तिने कसे ओळखले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

शंभर कोटींच्या बातमीत ही सिस्टर कुठे बसते, हा माझा प्रश्न आहे. त्या वर्षात या रुग्णालयाने काय कमावले, त्यातले काय टिकले आणि आपल्यासारख्यांनी आभार मानायचे तर नेमके कोणत्या पत्त्यावर, याविषयी माहीतगारांनी लिहावे.

जुनी_पाने | ४ सप्टेंबर २०२१

एक दुरुस्ती सुरुवातीलाच करतो, म्हणजे पुढे घोळ नको. शंभर वर्षे झाली ती महाविद्यालयाला. रुग्णालय १९२५ चे आहे. राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय ४ सप्टेंबर १९२१ रोजी असहकाराच्या लाटेत सुरू झाले. सरकारी संस्थांवर बहिष्कार टाकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी वैद्यक शिकायचे कुठे, या प्रश्नाला ते उत्तर होते. मात्र महाविद्यालय म्हटले की खाटा लागतात, रुग्ण लागतात. ती अडचण डॉ. आनंदराव लक्ष्मण नायर यांनी सोडवली. त्यांनी आपली जागा दिली, रुग्णालय उभे केले आणि त्याला आईचे नाव दिले. पाटीवर "बा. य. ल. नायर" असे जे लिहिलेले असते ते म्हणजे बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर. ज्या रुग्णालयाने साथीच्या काळात बाधित मातांची बाळंतपणे केली ते मुळातच एका आईच्या स्मरणार्थ बांधलेले आहे, ही गोष्ट शताब्दीच्या भाषणांत फारशी कोणी सांगितली नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

थोडे विषयांतर करतो. याच आवारात आनंद विहार नावाचे लहानसे बुद्धमंदिर आहे आणि तेही डॉ. नायर यांनीच उभारले. बाह्यरुग्ण विभागात नंबर यायला दोन तास असतील तर जरूर पाहून या.

कुडाळकर | ५ सप्टेंबर २०२१

आणि महाविद्यालयाच्या नावातले "टोपीवाला" आमच्याकडचे! मोतीराम देसाई टोपीवाला यांच्या पाच लाखांच्या देणगीमुळे ते नाव लागले. मालवणच्या टोपीवाला हायस्कुलात शिकलेल्या कोणालाही हे घराणे वेगळे सांगावे लागत नाही. १९४६ पासून मुंबई महापालिका ही संस्था चालवते. दान देणाऱ्याचे नाव इमारतीला लागते हे ठीकच आहे, पण भायखळाकरांचा मूळ प्रश्न त्यामुळे अधिकच टोकदार होतो, नाही का?

स्टेथो | ५ सप्टेंबर २०२१

मी त्या काळात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विभागात निवासी डॉक्टर होते. आता मुंबईबाहेर असते. त्यामुळे जे लिहिते आहे ते संस्थेच्या वतीने नव्हे, एका पाळीवरच्या डॉक्टरचे म्हणून वाचावे.

एप्रिल २०२० मध्ये नायर पूर्णपणे कोविड रुग्णालय करण्यात आले. त्याच महिन्यात बाधित मातेची पहिली प्रसूती झाली. त्या वेळी आम्हाला फार थोडे माहीत होते. आजार आईकडून पोटातल्या बाळाकडे जातो का, सिझेरियन करणे सुरक्षित की नैसर्गिक प्रसूती, जन्मल्यावर बाळ आईजवळ ठेवायचे की वेगळे, अंगावर पाजायचे की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हते आणि बाळंतपण तर उत्तराची वाट पाहत थांबत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया चार आठवडे पुढे ढकलता येते. कळा पुढे ढकलता येत नाहीत. म्हणूनच इतर विभागांचे काम आटले तरी आमचा कक्ष दिवसरात्र चालू राहिला. खासगी प्रसूतिगृहे दारे लावून घेत होती, त्यामुळे कल्याण, वसई, नवी मुंबई अशा लांबच्या भागांतूनही महिला आमच्याकडे येत.

पीपीई घालून प्रसूती करणे म्हणजे काय, ते सांगते. दोन हातमोज्यांतून नाडी नीट लागत नाही. गॉगलवर वाफ धरली की टाके घालताना मान विशिष्ट कोनात वाकवून, काचेच्या ज्या कोपऱ्यातून दिसते तिथून पाहावे लागते. आवाज मुखपट्टीत अडकतो, त्यामुळे "जोर करा" हे शब्द आम्ही अक्षरशः ओरडून सांगत होतो आणि घाबरलेल्या पहिलटकरणीला वाटे की डॉक्टर रागावली आहे. मग आमच्या एका ज्येष्ठ परिचारिकेने युक्ती काढली. कळ आली की ती बाईचा हात आपल्या हातात घेई आणि जोर करायच्या वेळी दाबत असे. त्यानंतर ओरडण्याचे काम पडले नाही. ही पद्धत कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत लिहिलेली नाही, पण पुढे आलेल्या प्रत्येक तुकडीने ती उचलली.

अंगावर पाजण्याच्या बाबतीत सुरुवातीला घरच्यांची भीती फार मोठी होती. आईने मुखपट्टी लावून, हात धुऊन बाळाला पाजावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आम्ही फोनवरून सासूबाईंना, आजेसासूबाईंना, कधी कधी शेजारच्या काकूंनाही समजावत असू. जवळजवळ सगळी बाळे ठणठणीत घरी गेली, आणि ते पाहूनच पुढच्या बायकांची भीती कमी झाली.

मे २०२१ पर्यंत बाधित मातांच्या हजारावर प्रसूती नायरमध्ये झाल्या होत्या. संख्या मोठी आहेच, परंतु माझ्या मते खरी प्रगती त्या संख्येच्या नोंदी ठेवण्यात होती. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेबरोबर "प्रेगकोविड" नावाची नोंदवही सुरू झाली आणि बाधित गरोदर महिलांची माहिती एका ठरावीक पद्धतीने त्यात जाऊ लागली. चौदा तासांची पाळी संपवून मग ते तक्ते भरायचा मला मनस्वी कंटाळा येई, हे येथे कबूल करते.

त्या कंटाळवाण्या तक्त्यांचे मोल दुसऱ्या लाटेत कळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जून २०२१ मध्ये पहिल्या लाटेतील ११४३ आणि दुसऱ्या लाटेतील ३८७ गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या महिलांची तुलना मांडली. लक्षणे असलेल्यांचे प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर गेले होते आणि बाधितांमधील मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर. आम्हाला कक्षात जे दिसत होते, ते आता आकड्यांत दिसले. लक्षात घ्या, १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले तेव्हा नायर हे पहिल्या केंद्रांपैकी एक होते, परंतु त्याच आवारातल्या गरोदर महिलेला लस घेता येत नव्हती. स्तनदा मातांना १९ मे रोजी परवानगी मिळाली आणि गरोदर महिलांना २ जुलैला. हे एकट्या नोंदवहीमुळे झाले असा दावा मी करणार नाही, तज्ज्ञांच्या संघटना आधीपासून आग्रह धरत होत्याच. मात्र आग्रहाच्या हातात आपल्याच देशातले आकडे होते, हा फरक लहान नव्हता.

मेघना_प | ६ सप्टेंबर २०२१

स्टेथो, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्याविषयी मनात आदर आहे, म्हणूनच दुसरी बाजू लिहिण्याचे धाडस करते.

एखादे मोठे सार्वजनिक रुग्णालय पूर्णपणे एका आजारासाठी राखून ठेवले जाते तेव्हा त्याची किंमत कोणीतरी मोजत असते. आग्रीपाडा, मदनपुरा, नागपाडा, कामाठीपुरा या वस्त्यांना नायर म्हणजे पायी जाता येणारे मोठे हॉस्पिटल. मधुमेहाच्या गोळ्या तिथल्याच, क्षयाचे औषध तिथलेच, दात काढायचा तरी नायरच्या दंत महाविद्यालयातच. टाळेबंदीत बस नाही, टॅक्सी नाही आणि रुग्णालय कोविडचे, अशा वेळी या माणसांनी काय केले असेल? माझ्या सासऱ्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया त्याच काळात एका रुग्णालयात पुढे पुढे ढकलली जात राहिली. ते कोणते रुग्णालय ते लिहीत नाही, कारण सगळीकडे तेच चालले होते. शेवटी आतडे अडकले आणि मध्यरात्री धावपळ झाली. ते वाचले, पण माझ्या मनातून ती रात्र गेलेली नाही.

म्हणून असे वाटते की आभारांच्या यादीत, ज्यांनी आपली खाट न बोलता सोडून दिली त्या रुग्णांचेही नाव असावे. त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांच्यासाठी टाळ्याही कोणी वाजवल्या नाहीत.

त्रयस्थ | ६ सप्टेंबर २०२१

लोकांना आवडणार नाही तरी लिहितो. डॉक्टर आणि परिचारिका यांना पगार मिळतो आणि संकटात काम करणे हा त्या नोकरीचाच भाग आहे. सैनिकाला आपण रोज ओवाळत नाही. २२ मार्च २०२० ला थाळ्या झाल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले टाकून झाली, आता शताब्दीचा सोहळाही झाला. कृतज्ञतेचा आणखी किती उत्सव करायचा?

स्टेथो | ६ सप्टेंबर २०२१

मेघना_प, तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. आमच्यातल्या शल्यचिकित्सेच्या निवासी डॉक्टरांनाही ते वेगळ्या प्रकारे भोगावे लागले. तीन वर्षांच्या शिक्षणातले मोठे वर्ष त्यांनी प्राणवायूची पातळी मोजण्यात घालवले, हातात सुरी आली नाही. त्या तुकडीचे शल्यविशारद पुढे तुमच्या-माझ्या घरच्यांच्याच शस्त्रक्रिया करणार आहेत.

त्रयस्थ, फुलांविषयी तुमचे-माझे एकमत आहे. फुले पडली त्या दिवशी आमच्या विभागात चर्चा चालली होती ती एन-९५ मुखपट्ट्या किती दिवस पुरतील याची.

तिसरी_पाळी | ७ सप्टेंबर २०२१

मी महापालिकेच्या दुसऱ्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. गेली एकोणीस वर्षे. नायरची नाही, पण काम तेच आणि पोशाखही तोच. त्रयस्थ यांना उत्तर म्हणून नव्हे, भायखळाकरांच्या "पत्ता कोणता" या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहिते.

मी बदलापूरला राहते. १५ जून २०२० ला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाली. तोपर्यंत आम्ही एसटीने ये-जा करत होतो. पहाटे चारला स्वयंपाक, साडेचारला रांग, मग अडीच-तीन तासांचा प्रवास, त्यानंतर आठ तास काम आणि तसेच परत. पोशाख एकदा चढवला की पाणी प्यायचे नाही, कारण मग शौचालयात जावे लागेल आणि नवा पोशाख मिळेलच याची खात्री नसे. घरी आल्यावर दारातच आंघोळ. माझा धाकटा दोन महिने माझ्याशी खिडकीतून बोलत होता. हे सगळे पगारात बसते असे म्हणणे असेल तर मी वाद घालणार नाही. पगार वेळेवर मिळाला, हेही खरे आहे.

आता आभारांचे. रुग्ण घरी जाताना हात जोडतात, पेढे आणतात, फेसबुकवर लिहितात. चांगले वाटते. पण ज्याचा आम्हाला उपयोग होतो ती गोष्ट अगदी साधी असते: अधिष्ठात्यांच्या नावे लेखी पत्र, त्यात कक्ष, तारीख, पाळी आणि माहीत असल्यास नाव. असे पत्र आवक-जावक नोंदीतून मेट्रनकडे येते आणि आमच्या फाइलला लागते. तक्रारीची पत्रे फाइलला किती लवकर लागतात हे आम्ही पाहतोच. कौतुकाचे पत्र माझ्या फाइलला एकोणीस वर्षांत एकच लागले आहे, त्याची प्रत मी घरी जपून ठेवली आहे.

यात एक ग्यानबाची मेख आहे. साथीत तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर मुली घेतल्या गेल्या. परिचारिका, आया, सफाईला मुले. त्यांतल्या काही मुली आमच्याइतक्याच, खरे सांगायचे तर आमच्यापेक्षाही निर्धास्तपणे बाधितांच्या कक्षात वावरल्या. कंत्राट संपले की त्या गेल्या. त्यांच्यासाठी कोणी पत्र लिहिले तर ते लावायला फाइलच नसते. तुमची ती निळ्या अक्षरांची सिस्टर कायम सेवेतली असेल तर पत्र तिच्यापर्यंत पोहोचेल. कंत्राटावरची असेल तर बहुधा पोहोचणार नाही.

भायखळाकर | ७ सप्टेंबर २०२१

तिसरी_पाळी, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर मी आज दिवसभर अडकून पडलो आहे. शंभर कोटींचा माझा प्रश्न खरे तर हाच होता, फक्त मला तो नीट मांडता आला नव्हता. इमारती, यंत्रे, प्रयोगशाळा यांचे पैसे कुठे तरी दिसतात. गेल्या महिन्यात कस्तुरबा रुग्णालयात विषाणूचा जनुकीय क्रम तपासणारी प्रयोगशाळा सुरू झाली, ती उद्या कोणालाही दाखवता येईल. पण बाधित बाईच्या कळा ओळखून हात दाबण्याचे जे कौशल्य त्या वर्षात तयार झाले, ते माणसांच्या हातात आहे. त्यातले किती हात कंत्राट संपल्यावर बाहेर पडले?

पत्नीचे घरी सोडतानाचे कार्ड काढून पाहिले. त्यावर कक्ष, तारीख आणि प्रसूतीची वेळ स्पष्ट आहे. नाव नाही, तरी पाळी कळते. पत्र लिहितो आहे.

जुनी_पाने | ८ सप्टेंबर २०२१

भायखळाकर, पत्रात एकट्या सिस्टरचे नाव शोधत बसू नका. "त्या पाळीला प्रसूतिकक्षात हजर असलेले सर्वजण" असे लिहा आणि कायम-कंत्राटी असा भेद न करता पाळीच्या यादीप्रमाणे नावे नोंदवावीत अशी विनंती करा. पाळीच्या यादीत तरी कंत्राटी माणसाचे नाव असतेच, नाहीतर हजेरी कशी लागेल? शंभर वर्षांनी कोणी या संस्थेचा इतिहास लिहायला बसला तर देणगीदारांची नावे त्याला भिंतीवर मिळतील. या माणसांची नावे अशा एखाद्या कागदावर मिळाली तरच मिळतील.

स्टेथो | १ ऑक्टोबर २०२१

धागा वर आणते, कारण विषयाला धरूनच आहे. आजपासून राज्यातील निवासी डॉक्टर संपावर गेले आहेत. साथीत ज्यांचे शिक्षण बुडाले त्यांची शैक्षणिक फी माफ करावी, वसतिगृहांची अवस्था सुधारावी आणि पालिका रुग्णालयांतील निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनातून होणारी करकपात थांबवावी, या मुख्य मागण्या आहेत. त्रयस्थ म्हणतात तसे, कृतज्ञतेचा उत्सव नकोच आहे. वर मी ज्या शल्यचिकित्सेच्या तुकडीविषयी लिहिले ती पूर्ण फी भरून कोविडची पाळी करत होती, एवढे मेहेरबानी करून लक्षात घ्यावे.

त्रयस्थ | १ ऑक्टोबर २०२१

फीची बाब मला माहीत नव्हती. शिक्षण मिळाले नाही आणि फी मात्र घेतली, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. माझा आधीचा प्रतिसाद पगारी नोकरीपुरता होता. येथे तो लागू करत नाही.

मेघना_प | २ ऑक्टोबर २०२१

भायखळाकर, पत्राचे काय झाले? आणि कृपा करून मसुदा येथे द्या, मलाही एक लिहायचे आहे. माझ्या सासऱ्यांना त्या मध्यरात्री टेबलवर घेणारा मुलगा शिकाऊच होता. तो आज संपावर असणार.

भायखळाकर | ८ ऑक्टोबर २०२१

उशीर झाला, क्षमा असावी. पत्र काल स्वतः जाऊन दिले. टपालाने पाठवण्याऐवजी हातात देऊन शिक्का घ्यावा, हा सल्ला तिसरी_पाळी यांनी निरोपातून दिला होता. डॉ. आनंदराव नायर मार्गावरच्या फाटकातून मी पहिल्यांदाच आत गेलो. मागच्या वर्षी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन माझा भाऊ याच फाटकापर्यंत आला होता आणि बाहेरचे खाणे आत चालत नाही म्हणून डबा घेऊन परत गेला होता. टपाल विभागातील कारकुनाने विषय वाचला, "तक्रार आहे का?" असे विचारले आणि नाही म्हटल्यावर चष्मा वर करून पुन्हा एकदा वाचले.

मेघना_प, मसुदा असा आहे, हवा तसा बदलून घ्या:

"अमुक तारखेस पहाटे बाधित महिलांच्या प्रसूतिकक्षात माझ्या पत्नीची प्रसूती सुखरूप झाली. त्या पाळीला कर्तव्यावर असलेले डॉक्टर, परिचारिका, आया व सफाई कर्मचारी यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत. पाळीच्या यादीवरून ती पाहून, कायम व कंत्राटी असा भेद न करता, हे पत्र प्रत्येकाच्या नोंदीस लावावे आणि जे आता सेवेत नाहीत त्यांच्या शेवटच्या पत्त्यावर याची प्रत पाठवावी, ही विनंती. प्रतींचा टपालखर्च आम्ही देऊ."

प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का पडला आहे. उत्तर आले की येथेच लिहितो.